एकाच औषधाच्या दोघी

साफी, मोरोक्को, ६ मार्च

चि. विदादला इत्तो आत्याचे पुष्कळ आशीर्वाद, जावईबापू जवादला सलाम.

वि. वि. नागीण सुकली, पण बरगडीत निखारा ठेवून गेली. कापड लागलं तरी जीव जातो. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, नाव वाचलं तर गॅबापेंटिन, तुझ्या फिटांचं तेच औषध! मी म्हटलं की मला कुठे फिट येतात, तर म्हणाले की चवताळलेल्या नसेलाही हेच शांत करतं.

आग कमी झाली, पण डोकं गरगरतं. काल मातीच्या ताटावर नक्षी काढताना कुंचला भरकटला, तर भट्टीवाला म्हणतो की इत्तो म्हातारी झाली. म्हणून आता औषध बंदच करावं म्हणते. शेजारच्या म्बारकाला खुब्याच्या ऑपरेशनपासून दुखण्याच्या जबर गोळ्या आहेत, तरी तिचं भागत नाही. उरलेल्या तिला देईन. तू या औषधात मुरलेली, म्हणून विचारते. तुमच्या डोंगरात फोन लागत नाही, तेव्हा चार ओळी लगेच टाक.

तुझी वाट पाहणारी,
आत्या

तालिवीन, १५ मार्च

ती. आत्यास विदादचा सादर सलाम.

अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. किटली सांडून उजवा हात पोळला, डाव्याने लिहितेय.

औषध एकदम तोडू नकोस. गरगरतं ते डॉक्टरांना सांग, ते मात्रा हळूहळू उतरवतील. तोवर गच्चीच्या शिडीवर चढायचं नाही. पित्तासाठी ते पांढरं पातळ औषध पितेस ना, त्यानंतर दोन तास तरी जाऊ देत, नाहीतर कॅप्सूल नीट लागू पडत नाही. आणि म्बारकामावशीला एकही देऊ नकोस. तिच्या गोळ्यांवर ही पडली तर माणूस असं झोपतं की श्वासही मंदावतो.

इकडे सगळं ठीक. जवाद केशराच्या शेतात राबतोय. बदाम फुलून गेले.

माया राहू दे.
विदाद

साफी, २४ मार्च

चि. विदादला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी मी म्बारकाला दोन कॅप्सूल देऊन बसले होते. पत्र वाचून तशीच धावले. म्बारकाची मुलगी तिला गदागदा हलवत होती आणि तिचे ओठ निळे पडलेले. दवाखान्यात प्राणवायूची नळी लावून ठेवली, तेव्हा शुद्धीवर आली. आता घरी आहे. मला म्हणाली की यापुढे तुझ्या हातची रोटीही पारखून खाईन. ती हसली, मला हसू आलं नाही.

माझी मात्रा डॉक्टरांनी कमी केली. आग थोडी आहे, सोसते.

पण तुझं पत्र मला स्वस्थ बसू देत नाही. लहानपणापासून तू या औषधाच्या नावाने कुरकुरतेस, झोप येते म्हणतेस, अंग जड होतं म्हणतेस. या वेळी मला सगळं शिकवलंस आणि स्वतःच्या कॅप्सूलबद्दल एक अक्षर नाही. शिवाय ती किटली. तुझ्या हातून कधी चहाचा थेंब सांडलेला मी पाहिला नाही. तू पडली होतीस का? औषध घेतेस ना? खरं लिही.

काळजीत असलेली,
आत्या

तालिवीन, २ एप्रिल

ती. आत्यास सादर सलाम.

तुझ्यापासून काही लपत नाही. मला दिवस गेलेत. इतक्या वर्षांनी. औषध बाळापर्यंत पोचतं असं कुठेतरी ऐकलं आणि कुणालाही न विचारता मी ते बंद केलं. आठवडा व्हायच्या आत चुलीपाशी पडले. जवादला सांगितलं की पाय घसरला.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो लगेच शेजाऱ्याची गाडी घेऊन आला. अगादिर शहरातल्या डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. म्हणाल्या, औषधाने बाळाला काहीच होणार नाही अशी हमी मी देत नाही, पण फिट येऊन पडलीस तर दोघांच्याही जिवावर बेतेल, आणि हे तू एकटीने ठरवायचं नव्हतंस. थोड्या मात्रेने पुन्हा सुरू केलंय. वरचेवर तपासणी आहे.

जवाद रागावत नाही. फक्त पाण्याचा पेला देतो आणि मी गिळेपर्यंत उभा राहतो. गिळताना मला दरवेळी कळत नाही, मी बाळाला जपतेय की दुखावतेय. इथे सगळ्यांसमोर मला शहाणी होऊन बसावं लागतं. तू येशील का?

तुझीच,
विदाद