यादीबाहेरचा पंखा

ता. ४ मार्च
ती. ताईस, धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

घरी बसवायच्या सोलरची यादी पोचली. चार दिवे, दोन पंखे, फ्रिज, तुझं शिलाई मशीन, पाण्याची मोटर. बेरीज सोळाशे वॅट, म्हणून दुकानदार दोन किलोवॅटचा इन्व्हर्टर देतोय. मी इथं छतांवर नुसते पॅनल वाहतो, बोल्ट आवळतो, अक्कल मिस्त्रीची. त्याला यादी दाखवली. तो हसला. म्हणाला, मोटर सुरू होताना तिप्पट ओढते, दोनचा इन्व्हर्टर तिथंच मान टाकेल. तीनचा घ्या.

पण ताई, माळ्यावरच्या खोलीतला माझा पंखा कुठंय? चारदा वाचली यादी. कालपासून कामात जीव नाही, छतावरून पाना दोनदा पडला. विसरलात की वगळलंत?

माया पातळ करू नकोस.
तुझी भिंगरी

ता. ११ मार्च
चि. भिंगरीस, अ. उ. आ.

आधी पाना नीट धर. खाली माणसं असतात.

यादी बाबांची. जन्मभर लोकांचे मीटर वाचले. फिरतंय तेच लिहायचं, हा त्यांचा धर्म. कागद घेऊन घरभर हिंडले, चालू दिसलं ते टिपलं. तुझी खोली बंद. मी पंख्याचं काढलं, तर म्हणाले, दोन वर्षांत तीन कामं सोडली, तीनदा येतो म्हणाला, आला एकदाही नाही. माप असणाऱ्यांचं घ्यायचं, येणाऱ्यांचं नाही. मोटर जुन्याच लाइनवर ठेवून दोनचाच घेणार म्हणतात.

वीस तारखेला दुकानदाराला सांगायचंय. खरं काय ते कळव. नुसतं 'येतो' लिहू नकोस, त्याला आता घरात कोणी हिंग लावून विचारत नाही.

रागावलीय, पण तुझीच,
ताई

ता. १५ मार्च
ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

ताईला लिहायला बसलो आणि तुम्हालाच लिहितोय. हे छत महिनाअखेर संपतं. मिस्त्री पुढच्या कामावर चल म्हणत होता. पाय शिवशिवले, खोटं कशाला बोलू. पण नाही म्हणालो. पाच एप्रिलला घरी पोचतो. माझ्या तारखांचं तुम्हाला माहीतच आहे, म्हणून पेटी आजच पुढं पाठवली. कपडे, पाने, पक्कड, सगळं. इथलं उरलेलं काम मिस्त्रीच्या पान्यावर भागवीन. आता हत्यारांशिवाय दुसरीकडं मला कोण उभं करणार?

पंखा पंच्याहत्तर वॅटचा आहे. आधी चालू करून बघा, मगच लिहा. तुमचा नियम मोडायला नको.

पायांवर डोकं ठेवतो.
भिंगरी

ता. १९ मार्च
चि. भिंगरीस, आशीर्वाद.

पेटी आली. जड आहे, मी आणि ताईने मिळून माळ्यावर चढवली. पंखा लावून पाहिला. फिरतो, पण कुरकुरतो. तेल घातलंय. यादीत लिहिला. दुकानदाराला तीनचा सांगून आलो, मोटरही त्यावरच.

पाच तारखेला माळ्यावर रीडिंगला येईन. दार बंद सापडू नये.

बाबा