प्लास्टिकवरचं कुंकू

२ ऑक्टोबर २०२५

आलं एकदाचं मशीन! फाउंडेशनच्या ग्रँटमधून. चिलर ट्रेनर – आख्खी एसी यंत्रणा एका चौकटीत. जोडायची, मुद्दाम बिघडवायची, दुरुस्त करायची. ग्रँटचा अर्ज मी सात वेळा लिहिला होता. 'प्रत्यक्ष हाताने शिकणे' हे त्यात पानोपानी आहे.

दसऱ्याचाच मुहूर्त. इन्स्टिट्यूटचे मालक रणजित सर, त्यांनी हार घातला, नारळ फोडला, यल्ला यल्ला, चला चला, करत फोटो काढवले. कुंकू लावलं ते वरच्या प्लास्टिकवरच. मी कात्री घेऊन पुढे झाले तर म्हणाले, "शालिनी मॅडम, प्लास्टिक राहू दे. नोव्हेंबरमध्ये फाउंडेशनची माणसं येणार. नवं कोरं दिसलं पाहिजे."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

६ ऑक्टोबर

चेष्टा नव्हती. खोलीला कुलूप! किल्ली केअरटेकर बाबाजींकडे.

संध्याकाळच्या वर्गाला फळ्यावर मशीनचं चित्र काढून शिकवलं. मशीन भिंतीपलीकडे! शस्त्रपूजा केली म्हणे. हात न लावायचं शस्त्र.

भानुदासने विचारलं, "मॅडम, एकदा हात लावून बघता येईल?" बेचाळीस वर्षांचा, सांगोल्याचा. इथे आखातात अकरा वर्षं एसी हेल्पर. टेक्निशियनच्या परीक्षेत दोनदा प्रॅक्टिकललाच नापास. पुढच्या महिन्यात तिसरी खेप, आणि या वेळी राहिला तर कंपनी व्हिसा कॅन्सल करणार. मी म्हटलं, "इन्शाल्ला." आमच्या ऑफिसात इन्शाल्लाचा अर्थ 'नाही' असा होतो, हे त्यालाही कळतं. बिचारा मान खाली घालून चित्र उतरवत बसला.

८ ऑक्टोबर

मिहिकाला सांगितलं. म्हणते, "आई, जस्ट टेक इट ऑफ! व्हॉट्स द बिग डील?" सोळा वर्षांची आहे. तिला काय! तिचा व्हिसा माझ्या व्हिसावर आहे, माझा या नोकरीवर.

१३ ऑक्टोबर

शी! किळस आली आज.

फाउंडेशनची अट आहे – भेटीपर्यंत मशीन निदान साठ तास वापरलेलं हवं. मशीनवर तासांचा मीटरच आहे. मला वाटलं, आता तरी प्लास्टिक निघेल. कसलं काय! सर म्हणाले, "बाबाजीला सांगितलंय. रोज सकाळी सहाला चालू, आठला बंद. हवेसाठी मागची जाळी तेवढी उघडी ठेवायची. मीटर फिरल्याशी मतलब. तुम्ही हजेरीवर सही करा. ॲज ट्रेनर."

रिकाम्या खोलीत मशीन स्वतःच स्वतःला शिकवणार! मनात सतरा वाक्यं तयार होती. सही केली. घरी येऊन साबणाने हात धुतले. काय उपयोग?

२९ ऑक्टोबर

रोज सही. आता न वाचताच करते.

१७ नोव्हेंबर

आली मंडळी. सकाळीच सरांचा हुकूम – "संध्याकाळच्या बॅचला येऊ नका म्हणावं. ड्युटीवरून येतात, घामाचा वास मारतो." आणि ग्रँट कोणासाठी? त्याच घामासाठी ना!

तेवढ्यात प्लास्टिकच्या चिकटपट्टीची कड काळपट दिसली. सर बाबाजींवर खेकसले, "हात लावला होतास?" बाबाजी म्हणाले, "पुसत होतो, साहेब." मलाही राग आला – एवढंसं काम, तेही धड नाही!

फाउंडेशनच्या बाईंनी मीटर पाहिला. अडुसष्ट तास. "व्हेरी वेल मेंटेन्ड!" म्हणाल्या. दुसरं मशीन मंजूर. सर खुशीत. मी पण हसले. निर्लज्जपणाची सवय होते, इतकी लवकर होते हे माहीत नव्हतं.

१९ नोव्हेंबर

भानुदासची परीक्षा आज, अबुधाबीला. फोन केला नाही. कोणत्या तोंडाने करू?

२५ नोव्हेंबर

भानुदास पास!! पेढे घेऊन दारात उभा. प्रॅक्टिकलला सगळ्यात जास्त मार्क. मी विचारलं, "अरे, पण कसं?"

म्हणाला, "सकाळी सहा ते आठ, मॅडम. ड्युटीच्या आधी. बाबाजी दार उघडायचे. आम्ही पाच जण. चपला बाहेर. प्लास्टिक हळूच सोडवायचं, घडी घालायची. मग एकाने बिघाड करायचा, बाकीच्यांनी शोधायचा. आठला परत गुंडाळायचं. कुंकू बरोबर जागच्या जागी यायला हवं, बाबाजी स्वतः बघायचे."

"मला का नाही सांगितलंत?"

पेढ्याच्या बॉक्सकडे बघत म्हणाला, "सांगणार होतो. बाबाजी म्हणाले, नको. मॅडम सरांच्या माणसांतल्या आहेत."

२६ नोव्हेंबर

हजेरीतले तास सगळे खरे निघाले. खोटं एकच – 'ट्रेनर'पुढे माझं नाव.