हे स्पष्ट की मघाचं?

सोमवार, ३ मार्च

झालं एकदाचं! माझ्या अर्धवट कादंबरीचं ई-बुक झालं. मुखपृष्ठावर चित्र नाही, नुसतं नाव — तरी सारखी उघडून बघतेय. सात प्रकरणं आहेत. सातव्यात नायिका घर सोडून निघते, आणि तिथे मी वर्षभर अडून बसले आहे. आता ताई वाचेल. तिनं हो म्हटलं तर पुढे लिहायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आईच्या माघारी तिनंच वाढवलंय मला, तिच्या शब्दापुढे माझं काही चालत नाही.

फक्त एक आहे. ताई वाचणार कॉम्प्युटरवर, आणि डोळ्यांना त्रास झाला की ती सरळ उठते. तेव्हा आधी वाचायचं सॉफ्टवेअर नक्की करायचं.

मंगळवार, ४ मार्च

पहिलं दिसायला देखणं. पान खरोखर उलटल्यासारखं हलतं! पण जोडाक्षरं पार फोडून ठेवली — नायिका रडतेय आणि अश्रूंचेच दोन तुकडे. बाद.

दुसऱ्यात आधी खातं उघडा, मग आमच्या दुकानातली पुस्तकं बघा. माझी फाइल घ्यायलाच तयार नाही. तेही बाद.

बुधवार, ५ मार्च

तिसरं फुकट, आणि काय गुणी! अक्षर हवं तेवढं मोठं, ओळींत हवं तेवढं अंतर, पान पिवळसर. बंद करून उघडलं की सोडल्या ओळीवर हजर.

चौथंही तोडीस तोड. काळ्यावर पांढरी अक्षरं, शिवाय मोठ्यानं वाचून दाखवतं. माझा प्रेमप्रसंग त्यातल्या बाईच्या आवाजानं विजेचं बिल वाचावं तसा वाचला. हसून हसून पोट दुखलं.

गुरुवार, ६ मार्च

तिसरं की चौथं? मग डोक्यात प्रकाश पडला — अगं, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतेस ना रोज! नवऱ्याला खुर्चीत बसवलं, अंतर मोजलं, एक डोळा झाकला. तेच पहिलं पान, एकदा तिसऱ्यात, एकदा चौथ्यात.

"हे स्पष्ट की मघाचं?"

"मघाचं. थांब... हो, मघाचंच."

मग शेजारच्या काकूंना बसवलं. दुकानात मालकांनाही सोडलं नाही. तिघांचा कौल तिसऱ्याला! शीळ घालत घरी आले.

शुक्रवार, ७ मार्च

दात घासताना लक्षात आलं. तिघांनी माझं पहिलं पान वाचलं आणि कसं वाटलं ते एकानंही सांगितलं नाही. सांगणार कसे? मी विचारलंच नाही! तक्त्यावरची अक्षरं आवडली का, असं गिऱ्हाईकाला कोण विचारतं?

नवऱ्याला आता विचारलं, तर म्हणतो, "वाचत कुठे होतो मी? अक्षरं बघत होतो."

तरी संध्याकाळी ताईकडे गेलेच. तिसरं तिच्या कॉम्प्युटरवर घातलं, फाइल टाकली, अक्षर मोठं करून दिलं.

"ठेव. बघते," म्हणाली. बस्स.

शनिवार, ८ मार्च

फोन नाही. मी करणार नाही. करू का?

सोमवार, १० मार्च

गिऱ्हाईक खुर्चीत, आणि ताईचा फोन. भीतीनं तोंडातून तेच निघालं — अक्षरं स्पष्ट दिसली ना?

"अक्षरं? लक्ष नाही गं गेलं. ती पोरगी परत येते की नाही, तेवढं सांग आधी."

मला तरी कुठे माहीत!