गाणं खुलं सोडायचं का?

मुरुड, बेस्तरवार, दिवेलागण

रंजी लातूरहून आली. माझ्या मेलेल्या बहिणीची पोरगी, तिथं क्लासात शिकवती. भूकंपानंतर आम्ही बायांनी जात्यावर जे गाणं बांधलं, ते तिनं माझ्याकडून मोबाइलात भरून घेतलं होतं. म्हणती, "मावशी, इंटरनेटवर टाकू. कुणीबी घ्यावं, नाव तेवढं तुमचं लावावं. तसं लायसन असतंय."

फुकट? मला न्हाई पटलं. "तुझ्या क्लासवाल्यानं जाहिरातीत वाजवलं तर?"

"धंद्याला न्हाई, अशी अट घालू."

"आन माझं मन फिरलं तर?"

"एकदा दिलं की परत घेता येत न्हाई."

परत घेता येत न्हाई! मग एवढी घाई कशाला?

वर पोरीनं अजून एक अट घातलेली, कुणी बदल करायचा न्हाई. मी भडकलेच. "अगं येडे, जी गाती तिनं आपल्या गेलेल्या माणसाची ओळ जोडायची, तवा ते गाणं! बदल बंद केला की गाणंच बंद." तिनं ती अट काढली. बदला, पण तेबी खुलंच ठेवा, अशी घातली.

तरी बटन दाबू दिलं न्हाई. परत घेता येत न्हाई ना? म्हणलं, "तुझ्या आईची ओळ मी जोडली. तुझी कुठंय?"

भूकंपात आई गेली तवा ही पाळण्यात. तिनं मोबाइल परत आवाज भरायला लावला. मग हळूच, त्याच चालीत म्हणाली, "आई, तुझा आवाज कसा, मला कुणी सांगंना."

मी म्हणलं, दाब बटन.