पायरीवरच्या चपला

मुडबी, गुरुवार, संध्याकाळ

आज वायरमन शिवण्णाची बायको आमच्या फिरत्या टॉकीजपाशी आली. "अण्णा, आमच्या मालकाच्या चपला तेवढ्या सापडंनात. तुमी बगितलाव का?" मी न्हाई म्हणालो.

आमच्या दोघांचा ठराव होता. खांबावर चढताना शिवण्णा चपला आमच्या टॉकीजच्या ट्रेलरच्या पायरीवर काढायचा. त्या तिथं असेपर्यंत मी जनरेटरला हात लावायचा नाही.

त्या दिवशी खेळाआधीच लाईट गेली, तो खांबावर चढला. फिल्मचे डबे चढवताना चपला पायात यायल्या म्हणून मीच उचलून बॅटरीमागं टाकल्या. मीच! तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या. पायरीकडं बघितलं, रिकामी. वाटलं, उतरून तार आणायला गेला असेल. जनरेटर चालू केला, पण गावची लाईन तोडणारा खटका पाडायचा राहिला. करंट उलटा खांबावर गेला, आणि वर असलेला शिवण्णा जागीच संपला.

लोक म्हणतात, लाईन अचानक आली.

चपला अजून बॅटरीमागंच आहेत. नेऊन द्याव्यात का? कुठं सापडल्या म्हणून विचारलं तर?

खेळाची वेळ झाली. आज खटका तीनदा तपासला. पायरी रिकामी आहे. तेव्हाही रिकामीच होती.