‘इंजिन तापवत बसू नकोस’

सोमवार, नोव्हेंबरचा पहिला आठवडा

तीर्थरूप स्टेलानदादास,

धाकटी बहीण इंगेला हिचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. परवा इंजिनाच्या खड्ड्यात मी साडेतीन तास खरोखरच पालथी पडले होते, आणि आठही अंगं अजून त्याची साक्ष देताहेत.) इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा स्पेनच्या उन्हात सुधारतो आहे हे वाचून बरं वाटलं. मारियानवहिनींनी गच्चीतल्या लिंबाच्या झाडाचा फोटो पाठवला, तोही पोचला. इथे कालपासून बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय धरते. ती खायची नसते.

तुझी यादी मिळाली. सात कलमं, प्रत्येकाखाली रेघ. शेवटी लिहिलं आहेस, ‘नीट कर, एप्रिलमध्ये गिऱ्हाईक इंजिन ऐकायला येणार आहे.’ म्हणजे आपली ‘सिग्ने’ विकायची ठरली, आणि हे मला इंजिनाच्या कामांच्या यादीतून कळलं. (आईचं नाव बोटीला देऊन बाबांनी जन्मभर आईपेक्षा बोटीशीच जास्त संसार केला, हे आपण दोघंही जाणतो. पण म्हणून आईला कोणी फोटो टाकून विकायला काढलं नसतं.) तक्रार करत नाही. मृत्युपत्रात स्पष्ट आहे: बोट स्टेलानला, शिवणयंत्र इंगेलाला. मुलीच्या जातीला इंजिनातलं काय कळणार, असा बाबांचा विचार. मुलीने गेली नऊ वर्षं दर हिवाळ्याआधी तेच इंजिन, थंडीत गोठू नये म्हणून, झोपवलं, हा केवळ योगायोग.

शनिवारी क्लबची क्रेन आली. आपले लोक तुला ठाऊक आहेतच. अठ्ठावीस बोटी पाण्याबाहेर निघतात, छप्पन्न माणसं कॉफीचे थर्मास घेऊन उभी राहतात, आणि दुसऱ्याच्या बोटीबद्दल तोंडावर कोणी एक अक्षर बोलत नाही. जे बोलायचं ते सोमवारी फळ्यावर चिठ्ठी होऊन लागतं, खाली सही ‘एक सभासद’. (गेल्या वर्षीची चिठ्ठी आठवते? ‘चौदा नंबरच्या बोटीवरचं आवरण निळं आहे. नियमात रंग दिलेला नाही, तरीही.’ त्या ‘तरीही’ने माझी आठवडाभर झोप उडवली होती.) अध्यक्ष टोरब्यॉर्न शिडीखाली येऊन म्हणाले, “इंगेला, तुला शिकवायचं म्हणून नाही हं, पण हे काम स्टेलान छान करायचा.” मी म्हटलं, “हो, त्याने शेवटचं केलं तेव्हा तुम्हाला केस होते.” ते कॉफी आणायला गेले ते परत आले नाहीत. चिठ्ठी आज लागली असेल.

तुझी कलमं मी एकेक करून पाळली. जुनं तेल काढलं, नवं घातलं. फिल्टर बदलला. (जुना फिरेना, म्हणून त्याच्यात पेचकस आरपार ठोकून फिरवला. त्याने सूड म्हणून उरलेलं सगळं तेल माझ्या बाहीत सोडलं.) मग तुझं पाचवं कलम: ‘नळी गुलाबी द्रवाच्या बादलीत सोड, इंजिन चालू कर, मागून गुलाबी बाहेर आलं की झालं. इंजिन तापवत बसू नकोस, उगाच डिझेल जळतं.’

आता इथे म्हातारा एव्हर्ट आला. शेजारच्या बोटीचा, सत्याऐंशी वर्षांचा, बाबांबरोबर गोदीत होता तो. वर्षाला चार वाक्यं बोलतो, त्यातली तीन त्याने परवा माझ्यावर खर्च केली.

“पोरी, इंजिन तापवलंस का?”

“दादाने नको म्हटलंय.”

“दादा कुठाय?”

“स्पेनला.”

“मग बरोबर आहे,” एव्हर्ट म्हणाला, “त्याला तिथे सगळंच गरम वाटत असणार.”

तुला आठवत नसेल म्हणून सांगते. इंजिन गार असलं की त्याच्या पोटातलं दार बंद असतं. तापलं की उघडतं. गार इंजिनाला हा न गोठणारा गुलाबी द्रव पाजला तर तो, दारातूनच वाटेला लावलेल्या पाहुण्यासारखा, बाहेरच्या बाहेर वळसा घालून मागून निघून जातो. पोटात राहतं समुद्राचं पाणी. ते गोठतं, फुगतं, आणि ओतीव लोखंडाचं पोट फुटतं. बाबांनी हे तुला अकरा वर्षं शिकवलं. मी फक्त टॉर्च धरायची. पण दादा, टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं.

तर मी इंजिन तापवलं नाही. तुझी आज्ञा. चालू केलं, मिनिटभरात मागून गुलाबी धार लागली, आणि छप्पन्न माणसांनी मान डोलावली. (टाळ्या वाजवणं इथे उद्धटपणाचं.) सगळे साक्षीदार आहेत. मी यादीबाहेर एक बोटही हलवलं नाही. एव्हर्ट तेवढा माझ्याकडे बघत राहिला, आणि मी बादली विसळत राहिले.

वहिनींना नमस्कार. लिंबाला सांभाळा, त्याला थंडी सोसत नाही म्हणतात.

तुझी,
इंगेला

ता. क. गुरुवारी पहाटे उणे आठ सांगितलं आहे. टपाल हल्ली एक दिवसाआड येतं, म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर ‘सिग्ने’चं पोट फुटलेलं असेल. फुटलेल्या इंजिनाची बोट कोणी घेत नाही. ती इथेच राहील, माझ्या डोळ्यांसमोर. यादी जपून ठेवली आहे, तुझ्या अक्षरातली.

दुसरा ता. क. बुधवार. पत्र अजून टाकलेलं नाही. तिकीट घरात होतं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस जेवण गेलं नाही. आज सकाळी विणायची सुई घेऊन क्लबात गेले. ‘सिग्ने’ला शिडी कोणीतरी आधीच लावून ठेवली होती. शेजारच्या बोटीतून एव्हर्ट म्हणाला, “आलीस?” (हे त्याचं वर्षाचं चौथं.) इंजिनाच्या तळाचं पितळी बूच काढलं. आधी काहीच येईना, गंजाने भोक बुजलं होतं. सुई घालून टोकरलं, मग मात्र बादलीभर तांबडं पाणी आलं, जुन्या चहासारखं. पोट रिकामं झालं. आता हवं तेवढं गोठू दे. बाबांचं इंजिन माझ्या हातून फुटेना, दादा. फार प्रयत्न केला.

तिसरा ता. क. सोबत कागद आहे. बोट इंगेलाच्या नावे. सही कर आणि उलट टपाली पाठव. नाही केलीस तरी गिऱ्हाइकाला खुशाल पाठव, इंजिन उत्तम आहे. फक्त ते बूच बसवल्याशिवाय बोट पाण्यात सोडू नये, आत समुद्र येतो. मूळचे आटे गेल्यावर बाबांनी ते स्वतः लेथवर कातलं होतं, त्या मापाचं दुकानात मिळत नाही. हिवाळ्यात ते काढून कोरडं ठेवायचं असतं, तसं ठेवलं आहे: शिवणयंत्राच्या खणात. ते यंत्र माझ्या नावावर आहे.