टच अँड गो म्हणजे

अण्णा, उद्या सकाळी नायगावच्या क्लासमध्ये मला बारा बायकांना इंग्रजी वाक्प्रचार शिकवायचेत. मुलगी इंग्रजी शिकवते, हे गावभर सांगत फिरला असतात तुम्ही! पण पुस्तकातल्या उद्याच्या पानावर 'टच अँड गो' आहे. तीन वर्षं मी तो गाळत आले; वेळ नाही, फारसा वापरात नाही, अशी काहीतरी थाप मारते. यंदा एकीने आधीच विचारलं, "मॅडम, ह्याचा अर्थ काय हो?" उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

मी नववीत असताना वाक्प्रचारांचं पहिलं पुस्तक तुम्हीच आणलंत, बाजारात केळी देऊन निर्मळला परत येताना, सायकलच्या कॅरिअरला लावून. संध्याकाळी ओट्यावर मी वाचायचे, तुम्ही ऐकायचात. 'पुल अप युवर सॉक्स' म्हणजे कंबर कसा, असं सांगितल्यावर तुम्ही वाडीतले चिखलाचे पाय पुढे केलेत. "आमच्याकडे मोजेच नाहीत, मग आम्ही काय जन्मभर आळशीच?" आई आतून ओरडली, "अभ्यास घेताय की टवाळी करताय?" एकदा मात्र 'कोल्ड फीट'चा अर्थ मी सरळ 'सर्दी होणे' असा ठोकून दिला. पुस्तकात मागे अर्थ होता, ऐन वेळी घाबरून माघार घेणे. तो कळल्यावर तुम्ही हसला नाहीत. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. अंदाजपंचे बोलायचं नाही," म्हणालात. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते.

आणि दोनच वर्षांनी तुमच्या छातीत कळ आली. आठवतंय का तुम्हाला काही? दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात आई आहे, मी आहे, फिनेलचा वास आहे. डॉक्टरांना मराठी येत नाही. ते घाईघाईत माझ्याकडे बघून म्हणतात, "इट्स टच अँड गो," आणि पुढच्या पेशंटकडे जातात. आई माझा दंड धरते. "काय म्हणाले गं?" घरात इंग्रजी येणारी मी एकटी. 'माहीत नाही' कसं म्हणू? टच म्हणजे हात लावणे, गो म्हणजे जाणे. मी सांगून टाकते, "आत जाऊन हात लावून या आणि घरी जा, म्हणाले." आईचा चेहरा उजळतो. घरी जा म्हणाले म्हणजे काळजीचं काही नाही! ती आत जाऊन तुमच्या कपाळावर हात ठेवते, बाहेर येते, आणि आम्ही दुपारच्या एसटीने घरी येतो. दिवेलागणीला निरोप आला. तुमच्याजवळ कुणी नव्हतं, अण्णा. माझ्यामुळे नव्हतं.

खरा अर्थ पुढे कॉलेजात वाचला. जहाजाचा तळ जमिनीला घासतो आणि तरी ते पुढे सुटतं, त्यावरून हा शब्द आला, असं म्हणतात. वाचेल की जाईल, काही सांगता येत नाही, असं डॉक्टर सांगत होते. तुम्हाला हे एका क्षणात कळलं असतं. ओहोटीला खाडीत होडी वाळूला घासली की सगळे कसे श्वास रोखून बसतात, ते तुम्ही कितीदा पाहिलं होतं.

परवा शेजारची आली होती. आई तिला सांगत होती, "डॉक्टरनीच घरी जा सांगितलं, नाहीतर मी ह्यांना सोडून हलले असते होय?" मग माझ्याकडे वळली. "काय गं, असंच म्हणाले ना?" मी मान हलवली. उद्या बारा परक्या बायकांना खरा अर्थ सांगेन, कदाचित. आईला सांगायची छाती होत नाही. ती माझं कपाट आवरते, तिला वाचता येतं, म्हणून हा कागद मी फाडून टाकणार आहे. आणि एक सांगते, रागवू नका. हे पत्र इंग्रजीत लिहावं, म्हणजे आईच्या हाती लागलं तरी तिला कळायचं नाही, असं आधी माझ्या मनात आलं होतं.